पहिल्या तिमाहीतील कांजिण्या आणि धंतोलीतील एक प्रसूतिगृह

प्रसूतिगृहांविषयीचे अभिप्राय बहुधा बाळंतपण आटोपल्यावर लिहिले जातात आणि त्यांत खोली, जेवण, सिस्टरांचे वागणे आणि शेवटचे बिल एवढे आले की अभिप्राय संपतो. माझे बाळंतपण अजून व्हायचे आहे. तरीही आताच लिहीत आहे, कारण नागपूरच्या धंतोलीतील या प्रसूतिगृहाची खरी परीक्षा माझ्या बाबतीत पहिल्या तिमाहीतच झाली. होळीच्या सुमारास मला कांजिण्या झाल्या. गरोदर बाईला कांजिण्या होणे ही गोष्ट महिन्याच्या तपासणीच्या चाकोरीत बसत नाही, आणि त्यामुळेच डॉक्टर, सिस्टर, रिसेप्शन यांपैकी कोण किती पाण्यात आहे ते लवकर कळते. पाचपैकी चार तारे दिले आहेत. डॉक्टर आणि सिस्टर यांना वेगळे गुण देण्याची सोय असती तर त्यांना पूर्ण पाच दिले असते. रिसेप्शनला दोनाच्या वर जाता आले नसते.

आमचे घर मानेवाड्याला, कुटुंब एकत्र. माझा नववा आठवडा चालू असताना जाऊबाईंच्या धाकट्या मुलाच्या पाठीवर पाण्याचे फोड दिसले आणि त्याच्या शाळेत अर्धा वर्ग त्याच कारणाने गैरहजर असल्याचे त्यानंतर कळले. कांजिण्यांचा विषाणू हवेतून पसरतो. पुरळ दिसण्याच्या साधारण २ दिवस आधीपासून ते शेवटच्या फोडावर खपली धरेपर्यंत तो रोग्याकडून इतरांना लागू शकतो, आणि लागल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत १० ते २१ दिवस जातात. म्हणजे फोड दिसल्याबरोबर मुलाला वेगळ्या खोलीत हलवले, तरी त्याआधीचे दोन दिवस तो माझ्या मांडीवर बसून अभ्यास करत होता हे काही पुसता येत नाही. मला लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या होत्या का, हे आईला यवतमाळला फोन करून विचारले तेव्हा तिला भावाच्या आठवत होत्या, माझ्या आठवत नव्हत्या. कांजिण्यांची लस सरकारी लसीकरण कार्यक्रमात नाही. ती खासगी दवाखान्यात विकत घ्यावी लागते आणि आमच्या पिढीतल्या फार थोड्यांनी ती घेतलेली आहे. शिवाय उष्ण प्रदेशांत हा आजार थंड देशांच्या तुलनेने उशिराच्या वयात होताना दिसतो, त्यामुळे वयात आलेल्या माणसाला तो होऊन गेलाच असेल असे आपल्याकडे गृहीत धरता येत नाही. रक्ततपासणी करणे हाच मार्ग होता.

येथे एका वेगळ्या आस्थापनेविषयी लिहावे लागते, कारण पुढचा घोळ तेथे सुरू झाला. घराजवळ एका लॅबचे कलेक्शन सेंटर आहे. त्याचा या प्रसूतिगृहाशी काही संबंध नाही. काउंटरवर मी स्पष्ट सांगितले की घरात कांजिण्या आहेत, मी गरोदर आहे आणि माझ्या रक्तात कांजिण्यांविरुद्धची प्रतिपिंडे आहेत का ते पाहायचे आहे. ‘मॅडम, टॉर्च करून घ्या, प्रेग्नन्सीचं सगळं येऊन जाते त्याच्यात,’ असे उत्तर मिळाले आणि अडीच हजारांच्या आसपासची पावती फाडली गेली. टॉर्च या नावाने विकल्या जाणाऱ्या पॅकेजमध्ये टॉक्सोप्लाझ्मा, रुबेला, सायटोमेगॅलो आणि हर्पिस यांच्या तपासण्या असतात. टॉर्च (TORCH) या नावातला ‘ओ’ म्हणजे ‘इतर’ (other), आणि त्याखाली तत्त्वतः कांजिण्या, सिफिलिस, पार्व्हो असे बरेच काही मोडते, पण बाजारातल्या पॅकेजमध्ये ती जागा बहुधा रिकामीच असते. जी एक तपासणी मला हवी होती ती त्यात नव्हती, आणि जी मागितली नव्हती त्या आठ निकालांचा कागद काही दिवसांनी रात्री उशिरा व्हॉट्सॲपवर येऊन पडला. त्यात रुबेला आणि सायटोमेगॅलो यांच्यासमोर लाल ठळक अक्षरांत ‘पॉझिटिव्ह’ असे छापलेले होते. खाली एका ओळीचाही खुलासा नव्हता. ‘डॉक्टरांचा सल्ला घ्यावा’ एवढा शिक्का मात्र होता.

गरोदर बाईच्या घरात रात्री अकरा वाजता ‘रुबेला पॉझिटिव्ह’ ही अक्षरे काय करतात हे सांगायला नको. पहिल्या १२ आठवड्यांत आईला रुबेलाचा ताजा संसर्ग झाला तर दहापैकी आठ-नऊ गर्भांना इजा होऊ शकते. डोळ्यांत मोतीबिंदू, बहिरेपणा, हृदयाचे दोष अशा त्या इजा असतात, आणि १९४१ मध्ये नॉर्मन ग्रेग या ऑस्ट्रेलियन नेत्रतज्ज्ञाने नवजात बाळांच्या मोतीबिंदूचा धागा त्यांच्या आयांना झालेल्या रुबेलापर्यंत नेऊन पोहोचवला, तेव्हापासून हे जगाला माहीत आहे. इंटरनेटवर हे सारे दोन मिनिटांत सापडते. जे तितक्या सहज सापडत नाही ते असे की माझ्या अहवालातील ‘पॉझिटिव्ह’ हे आयजीजी प्रतिपिंडांपुढे होते, आणि आयजीजी म्हणजे जुना संसर्ग किंवा जुनी लस यांची शरीरात राहिलेली खूण. ताज्या संसर्गाचा संशय आयजीएम या दुसऱ्या प्रकारच्या प्रतिपिंडांवरून घेतात, आणि तेही कधी महिनोन्‌महिने टिकते किंवा खोटेच पॉझिटिव्ह येते, म्हणून पुढे ॲव्हिडिटी नावाची तपासणी करून संसर्ग जुना की नवा ते ठरवावे लागते. माझे आयजीएम सर्वत्र निगेटिव्ह होते. हे वाचण्याइतके ज्ञान लॅबच्या काउंटरवर नसेल हे मान्य. पण मग तपासणी निवडून देण्याचा अधिकारही त्या काउंटरने स्वतःकडे घेऊ नये.

दुसऱ्या दिवशी तो कागद घेऊन प्रसूतिगृहात गेले. डॉक्टरांनी पेन्सिलीने आठही निकालांवरून खाली एक रेघ ओढली, आयजीजीच्या रकान्याला गोल केला आणि रुबेलाच्या ओळीसमोर मराठीत ‘चांगले’ असे लिहिले. रुबेलाची प्रतिपिंडे असणे हे गरोदर बाईला संरक्षण आहे, सायटोमेगॅलोची आयजीजी तर भारतात बहुतेक प्रौढ स्त्रियांच्या रक्तात सापडतेच, आणि धोक्याची कोणतीही शंका नसताना सरसकट टॉर्च करू नये, हे त्यांनी फार वेळ न घेता समजावले. मग विचारले, ‘यात कांजिण्यांचं कुठं आहे?’ नव्हतेच. त्यांनी ताबडतोब व्हेरिसेला (म्हणजे कांजिण्या) आयजीजीसाठी रक्त घेतले. प्रतिपिंडे नसतील तर संपर्कानंतर १० दिवसांच्या आत इम्युनोग्लोब्युलिनचे, म्हणजे तयार प्रतिपिंडांचे, इंजेक्शन देता येते, किंवा ॲसायक्लोव्हिर या विषाणूरोधक गोळ्या आधीपासून सुरू करता येतात, असे दोन्ही पर्याय त्यांनी केसपेपरवर लिहिले. इंजेक्शन महाग असते आणि कोणत्याही औषधाच्या दुकानात ठेवलेले नसते, म्हणून निकाल येण्याआधीच त्यांनी आपल्या फार्मसीला शोधाला लावले. मुलाच्या अंगावर फोड उठल्यापासूनचे दिवस मोजले तर त्या मुदतीत फार थोडा अवकाश उरला होता. बाकीचे दिवस टॉर्चच्या कागदाची वाट पाहण्यात गेले होते.

आता रिसेप्शन. त्या दिवशी आत शिरताच मी तेथील मुलीला सांगितले होते की घरात कांजिण्यांचा रोगी आहे आणि त्याच कामासाठी आले आहे. ‘बसा, नंबर आला की बोलावते,’ असे ऐकवून तिने मला त्या हॉलमध्ये बसवले जेथे पोटुशी बायका दाटीवाटीने बसलेल्या होत्या. मला तेव्हा पुरळ नव्हते हे खरे, पण प्रतिपिंडे नसलेल्या आणि संपर्कात आलेल्या व्यक्तीला साधारण आठव्या दिवसापासून संसर्गजन्य होऊ शकणारी समजून वेगळे बसवायचे असते. ज्या संस्थेत रोज गरोदर बायकाच येतात तेथे हा प्रश्न दारातच विचारला जायला हवा होता. न विचारणे एक वेळ समजू शकते. मी सांगूनही त्याकडे दुर्लक्ष झाले, हे समजण्यासारखे नाही.

व्हेरिसेला आयजीजीचा निकाल निगेटिव्ह आला, आणि ज्या दिवशी तो आला त्याच रात्री माझ्या कपाळाच्या केसांच्या कडेला आणि पोटावर फोड उठले. पुरळ उठल्यानंतर इम्युनोग्लोब्युलिनचा उपयोग नसतो, त्यामुळे तो विषय तेथेच मिटला. ॲसायक्लोव्हिर मात्र पुरळ दिसल्यापासून २४ तासांत सुरू केल्यास त्याचा सर्वांत जास्त फायदा होतो. रात्री प्रसूतिगृहाचा फोन लावला तर तो गार्डने उचलला आणि ‘सकाळी दहानंतर करा’ असे सांगून ठेवून दिला. फाईलच्या मुखपृष्ठावर ‘२४ तास सेवा’ असे छापलेले आहे. ही सेवा बाळंतपणाच्या कळांपुरती आहे की गरोदर बाईच्या प्रत्येक अडचणीसाठी, याचा खुलासा व्यवस्थापनाने करावा.

येथून पुढचे सारे मात्र प्रशंसेचेच आहे. सकाळी फोन सिस्टरांकडे गेला. त्यांनी एका दमात नेमके प्रश्न विचारले: ताप किती, श्वास लागतो का, खोकला आहे का, रक्तस्राव होतो का, फोड कधी दिसले. मग सांगितले की मेट्रोने किंवा ऑटोने येऊ नका, घरच्या गाडीने काचा उघड्या ठेवून या, ओपीडी संपताना या आणि समोरच्या दाराने आत शिरू नका. धंतोलीत गाडी लावणे ही काय तपश्चर्या आहे ते नागपूरकरांना माहीत आहे. येथे सिस्टर स्वतः खाली उभ्या होत्या आणि त्यांनी इमारतीच्या मागच्या बाजूला गाडी घ्यायला लावून बाजूच्या दाराने तळमजल्यावरच्या एका रिकाम्या खोलीत नेले. त्या खोलीत खिडकी होती, बेसिन होते आणि माझ्यानंतर त्या दिवशी तेथे दुसऱ्या कोणाला बसवणार नव्हते. उणीव एवढीच की डॉक्टर येईपर्यंत जिन्याखाली ज्या प्लास्टिकच्या खुर्चीवर थांबावे लागले तेथे पंखा नव्हता, आणि मार्चमधली नागपूरची दुपारची दोनची वेळ अंगात ताप असलेल्या माणसाने भिंतीला टेकून काढावी अशी नसते.

डॉक्टरांनी छाती नीट तपासली. मोठ्या माणसांत, आणि त्यातही गरोदरपणात, कांजिण्यांची सर्वांत गंभीर गुंतागुंत म्हणजे न्यूमोनिया. बाळाच्या काळजीत आईच्या फुप्फुसांकडे दुर्लक्ष होते, असे त्या म्हणाल्या. ऑक्सिजन ९८ भरला. ॲसायक्लोव्हिरच्या ८०० मिलिग्रॅमच्या गोळ्या दिवसातून पाच वेळा, सात दिवस. गरोदरपणात हे औषध गेली अनेक वर्षे वापरले जात आहे आणि त्यामुळे बाळात व्यंग वाढल्याचे आढळलेले नाही, हेही त्यांनी न विचारता सांगितले. पाच वेळा म्हणजे नेमके कधी, हा प्रश्न कोणालाही पडतो. सिस्टरांनी एका कागदावर सकाळी ६, १०, दुपारी २, संध्याकाळी ६, रात्री १० अशा वेळा मराठीत लिहून प्रत्येकीपुढे सात चौकटी आखून दिल्या आणि ‘गोळी घेतली की खूण करायची, पाणी भरपूर प्यायचे, नाहीतर मूत्रपिंडाला त्रास होतो’ अशी टीप खाली घातली. तापासाठी फक्त पॅरासिटामॉल. आयबुप्रोफेन किंवा कॉम्बिफ्लामसारखी गोळी चुकूनही नको, आणि घरातल्या मुलाला ॲस्पिरिन अजिबात नको. खाजेसाठी कॅलामाइन, नखे कापलेली, सुती सैल कपडे, फोलिक ॲसिड नेहमीप्रमाणे चालू. फोडांना रक्त आले, श्वास लागला, डोके असह्य दुखले, गुंगी आली किंवा पोटात कळ येऊन रक्त गेले तर दिवस असो वा रात्र, ताबडतोब यायचे; आणि त्यासाठी सिस्टरांनी स्वतःच्या विभागाचा वेगळा क्रमांक लिहून दिला. गार्डपर्यंत जाणारा फोन त्यांनाही माहीत असावा.

सासूबाई बरोबर होत्या. आमच्याकडे कांजिण्यांना ‘माता आली’ असेच म्हणतात, दाराला कडुलिंबाचा डहाळा लागतो, घरात फोडणी बंद होते आणि माता उतरेपर्यंत औषध देत नाहीत. सासूबाईंनी हे सारे डॉक्टरांना सांगितलेही. मला भीती होती की आता एखादे व्याख्यान ऐकावे लागणार. डॉक्टर म्हणाल्या, ‘काकू, डहाळा राहू द्या, फोडणीही नका देऊ, वरणभात हलकाच बरा. पण ही गोळी मातेच्या विरोधात नाही, बाळाच्या आईसाठी आहे, ती वेळेवर द्यायचं काम मी तुमच्याकडे देते.’ कडुलिंबाचा रस पोटात द्यायचा नाही आणि पाल्याने फोड घासायचे नाहीत, या दोन गोष्टी मात्र त्यांनी ठामपणे वगळून घेतल्या. त्या दिवसापासून सकाळी सहाची गोळी सासूबाईंच्या हातून चुकली नाही. माझ्या मते या एका संवादाची किंमत सगळ्या सल्लाशुल्कापेक्षा जास्त आहे, कारण घरात जिच्या शब्दाला वजन आहे तिलाच डॉक्टरांनी उपचारात सामील करून घेतले.

घरी कोरोनाच्या वेळचा ऑक्सिमीटर कपाटातून निघाला आणि सकाळ-संध्याकाळ आकडा लिहिला जाऊ लागला. ताप दोन-तीन दिवसांत उतरला, फोड मोजके राहिले, खपल्या धरल्या. या भागाबद्दल जास्त लिहिण्यासारखे नाही. सिस्टर रोज एकदा फोन करत आणि तेच ते प्रश्न त्याच क्रमाने विचारत. त्यात यांत्रिकपणा होता, पण आजारात यांत्रिक नियमितपणाच हवा असतो.

खपल्या गळून गेल्यावर येथे ठरावीक दिवशी येणाऱ्या गर्भवैद्यक तज्ज्ञांची भेट मिळाली, आणि या प्रसूतिगृहाची शिफारस मी करते ती मुख्यतः या भेटीमुळे. तोपर्यंत नातेवाइकांपैकी एकाने ‘अशात बाळ ठेवतात का’ असे म्हणून घेतले होते आणि ओळखीच्या एका डॉक्टरांनीही तोच सूर लावला होता. तज्ज्ञांनी आकडे पुढे ठेवले. कांजिण्या पहिल्या १२ आठवड्यांत झाल्या तर गर्भाला त्या विषाणूमुळे इजा होण्याची शक्यता सुमारे ०.४ टक्के, म्हणजे हजारात चार. १३ ते २० आठवड्यांत झाल्या तर सुमारे २ टक्के. त्यानंतर ती नगण्य होत जाते. हे आकडे ब्रिटन आणि जर्मनीतील तेराशेहून अधिक गरोदर स्त्रियांच्या पाहणीवरून आलेले आहेत. ती पाहणी १९९४ मध्ये प्रसिद्ध झाली. पहिल्या तिमाहीतल्या कांजिण्यांमुळे गर्भपाताचे प्रमाण वाढते असे दिसत नाही. आणि कोणताही आजार न झालेल्या आईच्या पोटीही शंभरात दोन-तीन बाळांना काही ना काही मोठा जन्मजात दोष असतोच, त्या तुलनेत हजारातले चार कुठे बसतात ते तुम्हीच पाहा, असे त्यांनी सांगितले. ‘काही होणार नाही, काळजी करू नका’ हे वाक्य त्यांनी एकदाही उच्चारले नाही. मला त्याचा राग येण्याऐवजी हायसे वाटले. रुबेलाच्या दहापैकी आठ-नऊच्या धाकाखाली काही रात्री काढलेल्या माणसाला हजारात चार हा आकडा धरून चालता येतो.

घाई न करण्याचे कारणही त्यांनी कायद्यासकट सांगितले. गर्भपाताच्या कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती झाल्यापासून २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरांचे आणि ठरावीक परिस्थितीतील स्त्रियांसाठी २४ आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांचे मत लागते, आणि गर्भात गंभीर व्यंग असल्याचे वैद्यकीय मंडळाने ठरवल्यास त्यानंतरही वाट बंद होत नाही. म्हणजे संसर्गानंतर किमान पाच आठवड्यांनी करायची सविस्तर सोनोग्राफी पाहून मग विचार करायला पुरेसा वेळ आहे. केवळ कांजिण्या झाल्या म्हणून अकराव्या आठवड्यात निर्णय घेण्याला वैद्यकीय आधार नाही.

त्या सोनोग्राफीत काय दिसते आणि काय दिसत नाही, याबद्दलही हातचे राखून बोलणे झाले नाही. हातापायांची खुंटलेली वाढ, डोक्याचा कमी घेर, मेंदूतील बदल, गर्भाची मंदावलेली वाढ हे दिसू शकते. डोळ्याच्या आतला पडदा आणि त्वचेवरचे लहान व्रण दिसत नाहीत. सुईने गर्भजल काढून त्यात विषाणू शोधणारी पीसीआर तपासणी करता येते, पण ती खपल्या पूर्ण गेल्यावरच. शिवाय गर्भजलात विषाणू सापडला तरी बाळाला इजा झालीच असा त्याचा अर्थ होत नाही, सापडला नाही तर मात्र दिलासा भक्कम असतो. आम्ही सोनोग्राफीपर्यंत थांबायचे ठरवले. तेराव्या आठवड्यातील एनटी स्कॅन आणि पुढे विसाव्या आठवड्याच्या आसपासचा ॲनोमली स्कॅन, दोन्हींत वावगे काही आढळले नाही, म्हणून सुई टाळली. सोनोग्राफीच्या प्रत्येक वेळी एफ फॉर्म भरून घेतात, ओळखपत्र मागतात, आणि गर्भलिंगनिदान केले जात नसल्याची पाटी समोरच आहे. हा १९९४ च्या कायद्याचा भाग आहे, त्याबद्दल रिसेप्शनवर वाद घालणाऱ्यांनी घालू नये. तेवढ्या बाबतीत मी रिसेप्शनच्या बाजूने आहे.

हॉलमध्ये माझ्याबरोबर बसलेल्या बायकांचे काय झाले, हे विचारल्याशिवाय मला राहवले नाही. पुरळ उठण्याच्या आधीच्या दोन दिवसांत मी तेथे बसले होते, आणि एकाच खोलीत १५ मिनिटे बसणे हा पुरेसा संपर्क मानतात. सिस्टरांनी सांगितले की त्या दिवशीच्या ओपीडीच्या यादीवरून त्यांनी प्रत्येकीला फोन केला होता, ज्यांना आधी कांजिण्या झाल्याचे नक्की आठवत नव्हते त्यांचे रक्त तपासले होते आणि त्याचे पैसे घेतले नव्हते. माझे नाव कोणालाही सांगितले नव्हते. आपली चूक झाल्यावर एखादी संस्था ती झाकते की निस्तरते, यावरून तिच्याविषयी माझे मत ठरते, आणि येथे ती निस्तरली गेली. आता प्रवेशदारावर ‘अंगावर पुरळ, ताप असल्यास किंवा घरात कांजिण्या अथवा गोवर असल्यास आत येण्यापूर्वी फोन करावा’ असा कागद चिकटवलेला आहे. तो इंग्रजीतही आहे, हिंदीतही. मराठी सर्वांत खाली आणि सर्वांत बारीक आहे.

खर्चाविषयी. ओपीडीचा खर्च आमच्या विमा पॉलिसीत बसत नाही, त्यामुळे सारे खिशातून गेले. शुल्क धंतोली-रामदासपेठेच्या मानाने मध्यम आहे. भरती होण्याचा आग्रह झाला नाही, सलाईन लावले नाही, ‘ताकदीचे’ इंजेक्शन लिहिले नाही. गोळ्या, कॅलामाइन आणि दोन तपासण्या याखेरीज बिलात काही नव्हते. ज्यांना हाही खर्च जड आहे त्यांच्यासाठी गांधीबागेतील डागा स्मृती शासकीय स्त्री रुग्णालय आहे, मेडिकल आणि मेयो ही सरकारी रुग्णालये आहेत, मिहानमधील एम्स आहे, आणि प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांवर दुसऱ्या-तिसऱ्या तिमाहीतल्या गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी होते. अंगावर पुरळ असताना मात्र कोणत्याही ओपीडीच्या रांगेत उभे राहण्याआधी दारावरच तसे सांगावे.

व्यवस्थापनाला दोन गोष्टी लेखी कळवल्या आहेत. पहिली रात्रीच्या फोनची. दुसरी त्यांच्या ‘गर्भधारणापूर्व तपासणी’ या पॅकेजची: त्यात हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, हिपॅटायटिस बी, एचआयव्ही आणि रुबेला आहे, पण कांजिण्या झाल्या आहेत का हा साधा प्रश्नही त्या अर्जावर नाही. प्रतिपिंडे नसलेल्या बाईला गर्भधारणेच्या आधी लसीचे दोन डोस देता येतात. ती जिवंत विषाणूची लस असल्यामुळे गरोदरपणात देता येत नाही आणि घेतल्यानंतर महिनाभर दिवस जाऊ द्यायचे नसतात. माझ्या धाकट्या नणंदेचे लग्न दिवाळीनंतर आहे. तिचे रक्त आम्ही स्वतः मागणी करून तपासून घेतले, निगेटिव्ह निघाले आणि तिचा पहिला डोस झाला. पॅकेजमध्ये एक ओळ वाढवली तर हे मागून घ्यावे लागणार नाही.

माझ्या फाईलच्या पहिल्या पानावर आता लाल शाईत एक नोंद आहे, ‘११ व्या आठवड्यात व्हेरिसेला, बाळाचे डोळे जन्मानंतर तपासणे’, आणि अठ्ठाविसाव्या आठवड्यात वाढीची सोनोग्राफी ठरली आहे. रिसेप्शनवरची मुलगी आता बदलली आहे. नव्या मुलीने मागच्या भेटीत नंबर देण्याआधी ताप किंवा पुरळ आहे का, ते विचारले.